परकें मन

मनुष्यास एकटेपणा सोसवत नाहीं, आणि सोबतही फार दिवस सोसवत नाहीं. घरीं पाहुणा नसला म्हणजे ओटी सुनी वाटते. पाहुणा आठ दिवस राहिला म्हणजे त्याच्या परतीच्या गाडीची वेळ आपणच त्याला आठवून देतों. ह्याच स्वभावास आकाशाच्या मापानें गुणिलें म्हणजे परग्रहावरील बुद्धिमान् प्राण्याची कल्पना तयार होते. एवढ्या विस्तीर्ण आकाशांत आपल्यावांचून कोणीच नसावें, हें मनुष्यास पटत नाहीं. म्हणून तो तेथें कोणास तरी वसवितो. आणि वसविल्याबरोबर एक तर त्याच्याशीं लढाई सुरू करितो, नाहीं तर त्याच्या पायाशीं शिष्य होऊन बसतो. बरोबरीच्या नात्यानें शेजारीं बसून चार गोष्टी बोलणारा परग्रहवासी ह्या वाङ्मयांत फार विरळा. असें कां व्हावें, आणि ह्या कल्पनेच्या खेळांतून संसारी माणसास कांहीं उपयोगाचें मिळतें कीं काय, ह्याचा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचा मानस आहे.

विचारास निमित्त झालें तें आमच्या नातवाची एक वही. त्याचें वय चौदा. त्याच्या वयाचीं मुलें हल्लीं गोष्टी वाचून थांबत नाहींत. त्या गोष्टींस राहावयास लागणारें विश्वही तीं स्वतःच बांधितात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें असें एक विश्व एका जाड वहींत बांधलें. त्यांत सात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे सात अफाट तारकासंघ. प्रत्येकीचा नकाशा, प्रत्येकींत एक बुद्धिमान् जात, तिचा इतिहास, तिचीं शस्त्रें आणि शेजारणीशीं असलेलें तिचें वैर. "आजोबा, इंग्रजी नांवें सगळ्यांनीं वापरून झालीं आहेत. तुम्ही मला मराठी नांवें काढून द्या," असें म्हणून त्यानें ती वही आमच्या स्वाधीन केली. आम्हीं ती दोन रात्रीं बसून वाचली. मेहनत मोठी होती. परंतु एका जातीची कातडी निळी, दुसरीस बोटें तीन, तिसरीस शेपूट, एवढा फरक सोडला तर सगळ्यांस दोन डोळे, एक राजा, एक सैन्य आणि एक निशाण होतें. सगळ्यांना जमिनीची हांव होती. आणि सगळ्यांचे सेनापति रागावले म्हणजे आमच्या नातवासारखेच ओठ चावीत. सात दीर्घिका फिरून आलों, पण परका असा एकही भेटला नाहीं.

ह्यांत मुलास हंसण्यासारखें कांहीं नाहीं. थोराथोरांनीं हेंच केलें आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या लूशियननें आपल्या 'खऱ्या इतिहासां'त चंद्रावरचे लोक वर्णिले. त्यांचे डोळे हवे तेव्हां काढतां-घालतां येतात, ही त्याची कल्पना आजही गमतीची वाटते. पण त्या चंद्राचा राजा सूर्याच्या राजाशीं कशासाठीं लढतो म्हणाल, तर शुक्राच्या ताऱ्यावर वसाहत कोणीं करावी ह्यासाठीं. आमच्या पुराणांनीं तर जगांच्या संख्येंत मुळींच कृपणपणा केला नाहीं. ब्रह्मवैवर्तपुराणांत इंद्राचा गर्व उतरविण्यास आलेला बालक मुंग्यांच्या रांगेकडे पाहून हंसतो आणि सांगतो कीं, ह्यांतील प्रत्येक मुंगी पूर्वीं कधीं तरी इंद्र होती. योगवासिष्ठांतील लीलेच्या आख्यानांत एका ब्राह्मणाच्या लहानशा घराच्या पोकळींत आख्खें राज्य मावतें. काळ आणि अवकाश ह्यांची एवढी मोठी कल्पना करणाऱ्यांस, त्या अगणित ब्रह्मांडांत राहतो कोण म्हणून विचारावें, तर उत्तर येतें यक्ष, गंधर्व, किन्नर आणि नाग. हे सारे कोणाचें डोकें तर कोणाचें धड बदललेले आपलेच सोयरे. अर्जुनाचें नागकन्येशीं लग्न लागतें, ह्याहून सोयरीकीस दुसरा पुरावा काय पाहिजे?

ह्या सगळ्यांत अंमळ निराळा निघाला तो फ्रेंच पंडित व्होल्टेअर. १७५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोमेगास' ह्या त्याच्या लहानशा कथेंत व्याधाच्या ताऱ्याकडील एक महाकाय प्रवासी शनीवरच्या एका गृहस्थास बरोबर घेऊन पृथ्वीवर येतो. शनीवासीयास इंद्रियें ७२. व्याधवासीयास जवळजवळ १,०००. आणि तरीही आपणांस पुष्कळ गोष्टी समजत नाहींत अशी दोघांचीही तक्रार! त्यांना आपलीं माणसें दिसावयास हिऱ्याचें भिंग लावावें लागतें. निरोप घेतांना तो महाकाय प्रवासी आमच्या तत्त्वज्ञांस एक ग्रंथ देऊन जातो. त्यांत सगळ्या वस्तूंचें मर्म लिहिलें आहे असें तो सांगतो. उघडून पाहतात तों पानें कोरीं. येथें प्रथमच असें सुचविलें गेलें कीं, परक्याजवळ जें असेल तें आपल्याला वाचतांच येणार नाहीं.

ह्या जुन्या लेखकांस क्षमा करावयास हरकत नाहीं. त्यांचें आकाश लहान होतें. आज कल्पनेस मिळालेलें अंगण फार मोठें आहे. १९२३ सालीं एडविन हबल ह्यानें माउंट विल्सन येथील दुर्बिणींतून देवयानीच्या तेजोमेघांत एक रूपविकारी तारा हेरला. आणि त्यावरून तो तेजोमेघ आमच्या आकाशगंगेच्या बाहेरची एक स्वतंत्र दीर्घिका आहे असें ठरलें. तिचें अंतर सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हां आपली मनुष्यजात अजून घडावयाची होती. आपल्या एकट्या आकाशगंगेंत १०,००० कोटी ते ४०,००० कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. १९९५ सालीं सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा पहिला परका ग्रह सांपडला. २०२५ पर्यंत परक्या ग्रहांची नोंद ६,००० च्या वर गेली. पण हाक मात्र कोठूनही नाहीं. १९६० सालीं फ्रँक ड्रेक ह्यानें अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील रेडिओ-दुर्बीण जवळच्या दोन ताऱ्यांकडे लावून प्रथम कान दिला. तेव्हांपासून कान देणारे वाढत गेले. १५ ऑगस्ट १९७७ रोजीं ओहायो येथील दुर्बिणीस ७२ सेकंदांचा एक जोरकस संकेत मिळाला. तो पुन्हा आला नाहीं. एन्रिको फर्मी ह्यानें १९५० सालीं जेवतां जेवतां सोबत्यांस विचारलेला प्रश्न, कीं मग हे सगळे आहेत कोठें, तसाच पानावर वाढून ठेवलेला आहे.

जेथें हाक नाहीं तेथें कादंबरीकार बोलूं लागतो. ह्या मोठ्या अंगणांत कादंबरीकारांनीं काय मांडलें तें पाहतां दोन टोकें दिसतात. एक टोक आयझॅक असिमॉव्ह ह्याच्या 'फाउंडेशन' ह्या कथामालेचें. तींतील कथा १९४२ पासून मासिकांत येऊं लागल्या व १९५१ ते १९५३ ह्या वर्षांत त्यांचीं तीन पुस्तकें झालीं. त्या विश्वांत सारी आकाशगंगा एका साम्राज्याखालीं नांदते. वस्तीचे ग्रह सुमारें २.५ कोटी, आणि त्या सगळ्यांवर वस्ती केवळ माणसांची! ह्याचें कारण असिमॉव्हनेंच पुढें सांगून ठेविलें आहे. त्याच्या कथा छापणारा संपादक जॉन कॅम्पबेल ह्यास माणसावर वरचढ ठरणारा परग्रहवासी खपत नसे. संपादकाशीं वाद घालीत बसण्यापेक्षां असिमॉव्हनें परक्यांनाच आकाशगंगेंतून वगळून टाकिलें. संपादकांच्या कात्रीविषयीं लेखकांची तक्रार जुनीच आहे. पण ती कात्री एवढ्या विस्तृत प्रदेशावर क्वचितच चालली असेल.

दुसरें टोक ओलाफ स्टेपल्डन ह्या इंग्रज लेखकाचें. त्याचा 'स्टार मेकर' हा ग्रंथ १९३७ सालीं, युरोपावर युद्धाची छाया पडली असतां, निघाला. त्यांत एक साधा गृहस्थ रात्रीं घराजवळच्या टेकडीवर बसला असतां त्याचें मन देहापासून सुटून ताऱ्यांतून हिंडूं लागतें. त्याला भेटणाऱ्या जाती मोजतां मोजतां वाचक थकतो. एका ग्रहावर माशासारखी एक आणि कोळ्यासारखी दुसरी, अशा दोन जाती आधीं एकमेकींच्या जिवावर उठतात व पुढें अशा जोडीनें राहूं लागतात कीं, एकीवांचून दुसरीस विचारच करतां येऊं नये. दुसरीकडे पक्ष्यांचे थवे आहेत. एकेकटा पक्षी मंदबुद्धि, पण साऱ्या थव्यास मिळून एक मन. कोठें जिवंत गलबतें आहेत. कोठें वनस्पतिरूप माणसें, दिवसां उन्हांत समाधि लावून बसणारीं आणि रात्रीं उद्योगास लागणारीं. शेवटीं तर खुद्द ताऱ्यांनाही मन आहे असें निघतें. आमच्या मतें ह्या ग्रंथाचें वैशिष्ट्य चित्रविचित्र देहांत नाहीं. देह निराळा झाला म्हणजे धर्म, राज्य, मैत्री, लाज आणि भीति ह्यांचीं रूपेंही कशीं निराळीं होतील, ह्याचा त्यानें जातीगणिक हिशेब मांडिला आहे. केवळ मुखवटा बदलून तो समाधान मानीत नाहीं.

तरीही स्टेपल्डनचा प्रवासी परक्यांच्या मनांत सहज शिरतो. त्याला कुलूप असें कोठें लागत नाहीं. ही अडचण दोघा लेखकांनीं पुढें आणली. पहिला फ्रेड हॉइल. हा स्वतः मोठा ज्योतिर्विद, आमच्या डॉ. जयंत नारळीकरांचा केंब्रिज येथील गुरु. गुरूनें १९५७ सालीं 'ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिली आणि शिष्यानें पुढें 'यक्षांची देणगी' ह्या १९७९ च्या संग्रहासारख्या पुस्तकांनीं मराठी घरांत विज्ञानकथेची गोडी लाविली. हॉइलच्या कादंबरींत सूर्यापाशीं येऊन थांबलेला एक प्रचंड काळा वायुमेघच बुद्धिमान् ठरतो. ह्यांतील मौज अशी कीं, आश्चर्य आपल्यापेक्षां त्यालाच अधिक वाटतें. ग्रहासारख्या घट्ट, अडचणीच्या जागीं बुद्धि उपजूं शकते, हें त्याला खरेंच वाटत नाहीं! आपण त्याला धूर समजत होतों. तो आपल्याला भिंतीवरील बुरशी समजत असावा.

दुसरा लेखक पोलंडचा स्टॅनिस्लॉव्ह लेम. त्याच्या १९६१ च्या 'सोलॅरिस' कादंबरींत एका ग्रहावर प्राणी असा एकच. तो म्हणजे त्या ग्रहास वेढणारा महासागर. तो आपल्या पृष्ठभागावर अवाढव्य आकृति घडवितो आणि मोडितो. तो कां घडवितो, तें कोणास कळत नाहीं. माणसें पिढ्यान् पिढ्या त्याचा अभ्यास करितात. त्याविषयीं ग्रंथालयें भरतात, पंथ निघतात, पंथांचीं भांडणें होतात. महासागर मात्र अभ्यासकांच्या मनांत दडलेलीं माणसें जशींच्या तशीं घडवून त्यांच्यापुढें उभीं करितो. दया म्हणून, प्रयोग म्हणून, कीं केवळ सहज, हें शेवटपर्यंत उलगडत नाहीं. हें वाचून संपल्यावर आम्हीं नातवाच्या सात दीर्घिकांपैकीं सहांस नांवें सुचविलीं. सातवीस नांव देऊं नये, आणि तेथील रहिवाश्यांविषयीं इतर सहा जातींना जें समजत नाहीं तेवढेंच लिहावें, असें त्याला सांगितलें. त्यास तें रुचलें नाहीं. ज्यांच्याशीं लढतां येत नाहीं असे शेजारी गोष्टीस काय कामाचे, असा त्याचा रोकडा सवाल होता.

सवालाचें उत्तर देण्यास दूर जावयास नको. असे शेजारी पृथ्वीवरच आहेत. समुद्रांतील अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, हा बरणीचें झांकण फिरवून उघडितो. त्याच्या देहांत सुमारें ५० कोटी चेतापेशी असून त्यांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश त्याच्या आठ बाहूंत विखुरलेल्या आहेत. त्याचा आणि आपला समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही जुना. म्हणजे ज्यास 'विचार करणें' म्हणतात तें त्यानें आपल्यापासून अगदीं वेगळ्या वाटेनें मिळविलें आहे. त्याला काय वाटतें, एक बाहू दुसऱ्या बाहूपासून कांहीं लपवूं शकतो कीं काय, ह्याची कल्पना करूं गेलों तर आपलें मन थिटें पडतें.

बरें, प्राणी सोडा. आपल्याच जातीचीं, आपल्याच भूमींतलीं माणसें घ्या. १९२० नंतरच्या दशकांत हडप्पा आणि मोहेंजोदडो येथें उत्खनन झालें. सिंधुसंस्कृतीच्या मुद्रा हजारोंनीं सांपडल्या. महाराष्ट्रांतही प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें त्या लिपीचीं चिन्हें मिळालीं आहेत. ते लोक आपल्यासारखेच गहूं पेरीत, विटा भाजीत, मुलांना मातीच्या गाड्या खेळावयास देत. इतका सगळा शेजार असूनही त्यांचें एक वाक्य सर्वमान्य रीतीनें आजवर कोणास वाचतां आलेलें नाहीं. जेथें मनुष्याचें लिहिणें मनुष्यास चार हजार वर्षांच्या अंतरावरून लागत नाहीं, तेथें चार हजार प्रकाशवर्षांवरील वायुमेघाचा निरोप प्रथमदर्शनींच वाचणारे कादंबरींतील शास्त्रज्ञ आम्हांस फारच हुशार वाटतात.

येथें एक घरची गोष्ट सांगणें अवश्य आहे. कारण ह्या प्रश्नाचें मर्म आम्हांस ग्रंथांपेक्षां तिनें अधिक शिकविलें. आमची थोरली बहीण, जिला सारें घर अक्का म्हणे, जन्मभर शाळेंत गणित शिकवीत आली. वयाच्या ७६ व्या वर्षीं तिला अर्धांगाचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि वाचाही गेली. तोंडांतून एकच एक अक्षर निघे, तेंही प्रत्येक गोष्टीस. भेटीस येणारे तिच्याशीं ओरडून बोलत, जणूं काय कान गेले आहेत. मग उत्तर येत नाहीं असें पाहून तिच्यादेखतच तिच्याविषयीं बोलूं लागत. औषधपाण्याचा खर्च, अजून किती दिवस, तिच्या मागें त्या खोलीचें काय करावें, सगळें तिच्या उशाशीं बसून. "त्यांना आतां कांहीं समजत नाहीं हो," असें एका सुशिक्षित बाईनीं आम्हांस समजाविलें, तेव्हां अक्काची नजर आढ्याकडे लागलेली होती.

आमची धाकटी नात तेव्हां सहा वर्षांची. मुलें अक्काच्या पलंगावरच बसून बदाम सात खेळत. एकदां नातीची पाळी आली. लावण्याजोगीं पानें दोन होतीं, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची पंजी. ती अठ्ठी टाकावयास निघाली. डावा हात तेवढा चालत होता. त्याच्या एका बोटानें अक्कानें अठ्ठी दाबून धरली आणि पंजी पुढें सरकविली. नातीनें क्षणभर विचार केला आणि ती ओरडली, "अक्काआजी सगळ्यांना अडवतेय!" खरोखरच इस्पिकचीं वरचीं पानें इतरांच्या हातांत अडकून पडलीं होतीं. त्या दिवसापासून नात स्वतःचे पत्ते अक्काला दाखवूनच खेळूं लागली, आणि इतर मुलें हें अन्यायाचें आहे म्हणून भांडूं लागलीं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलींत खोलीच्या वाटणीची गोष्ट कोणीं काढली नाहीं. अक्का पुढें दोन वर्षें जगली. तिची वाचा परत आली नाहीं. परंतु घरांतलें तिचें माणूसपण परत आलें, आणि तें आणणारी व्यक्ति आम्हां सर्वांत लहान होती.

ह्या लहान मुलीनें काय केलें, ह्याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. आम्ही मोठीं माणसें आधीं पुरावा मागत होतों: बोलून दाखव, मग तुझें मन आहे असें मानूं. तिनें क्रम उलटा धरला. समोर मन आहे असें तिनें गृहीत धरिलें, पत्ते पुढें केले, आणि पुरावा मागाहून आपोआप मिळाला. आमची अशी समजूत झाली आहे कीं, परकें मन ओळखण्यास ह्याहून दुसरी वाट नाहीं. ज्याला तें तेथें असूं शकेल असें वाटतच नाहीं, त्याच्या डोळ्यांपुढें तें आयुष्यभर बसलें तरी त्यास दिसावयाचें नाहीं. परग्रहवासीयांच्या कथांचा उपयोग आम्हीं विचारला होता तो हाच. त्या कथा खऱ्या ठरतील म्हणून वाचावयाच्या नसतात. असें गृहीत धरण्याची संवय मनास लागावी म्हणून वाचावयाच्या असतात.

ही संवय नसली म्हणजे काय होतें, ह्यासही इतिहास साक्षी आहे. एच्. जी. वेल्स ह्यानें १८९८ च्या आपल्या कादंबरींत मंगळावरचे क्रूर प्राणी लंडनवर घातले, तेव्हां पहिल्याच प्रकरणांत टास्मानियाच्या मूळ रहिवाश्यांवर युरोपियनांनीं केलेल्या संहाराची त्यानें आपल्या देशबांधवांस आठवण दिली. मंगळवासीयांस नांवें ठेवण्याचा आपला अधिकार किती, असा त्याचा भाव होता. आमच्याकडे कोणास समुद्र ओलांडून जावें लागलें नाहीं. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां मुलींस शिकवावें कीं नाहीं हाच मोठा वाद होता; आणि ज्यांची सावलीही नको होती त्यांच्या बुद्धीचा प्रश्न तर कोणीं विचारांतही घेत नव्हतें. गल्लीपलीकडचें मन ज्यांस दिसलें नाहीं, त्यांनीं देवयानीकडे दुर्बीण लावून काय पाहावें?

पत्ते पुढें करण्याचे कांहीं प्रयत्न मात्र मनुष्यजातीनें केले आहेत, हें सांगितलें पाहिजे. पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनास ती लोकांस पाहावयास मिळते, म्हणून आम्ही मुलांस घेऊन गेलों होतों. ह्या तबकड्या केवळ आकाशांतून येणाऱ्या लहरी ऐकतात, असें समजल्यावर तीच धाकटी नात म्हणाली, "सगळेच ऐकत बसले तर बोलणार कोण?" बोलण्याचाही प्रयोग झाला आहे. १६ नोव्हेंबर १९७४ रोजीं आरेसिबो येथील दुर्बिणीनें शौरी समूहांतील एका तारकागुच्छाकडे १,६७९ टिंबांचें एक चित्र धाडिलें; त्यांत १ ते १० अंक आणि एक काडीचा मनुष्य आहे. पोहोंचावयास सुमारें २५,००० वर्षें लागतील. ज्या दुर्बिणीनें तो निरोप धाडिला ती १ डिसेंबर २०२० रोजीं कोसळली. निरोप चाललाच आहे.

त्याहून आम्हांस जवळचा वाटतो तो १९७७ सालचा निरोप. त्या वर्षीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली आहे. तींत ५५ भाषांतील अभिवादनें आहेत; त्यांत एक मराठी, आणि तें 'नमस्कार' ह्या शब्दानें सुरू होतें. ऐकणारा अष्टपादासारखा निघाला तर त्यानें कोणते दोन हात जोडावे, हा प्रश्न आम्ही त्याच्यावर सोंपवितों. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवींतील एक चीज आहे. केसरबाई १८९२ सालीं गोव्यांतील केरी गांवीं जन्मल्या, अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या. ज्या कलावंत समाजांत त्यांचा जन्म झाला, त्यास त्या काळचे प्रतिष्ठित लोक गाणें ऐकावयास बोलावीत. पंगतीस मात्र बोलावीत नसत. 'व्हॉयेजर १' ५ सप्टेंबर १९७७ रोजीं निघालें. १६ सप्टेंबरास केसरबाई वारल्या. ज्यांना आपल्या ओटीवर बरोबरीची बैठक मिळाली नाहीं, त्यांचाच आवाज साऱ्या पृथ्वीच्या वतीनें बोलावयास पाठविला गेला. निवड उत्तम झाली. मात्र ती करणारे दूरचे होते, ही गोष्ट आपण विसरूं नये.

तें यान आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या बऱ्यापैकीं जवळून जाण्यास त्यास सुमारें ४०,००० वर्षें लागतील. आणि तेथेंही कोणी वाट पाहत असेल असें नाहीं. पाठविणाऱ्यांस हें ठाऊक होतें. तरी त्यांनीं तबकडी कशी फिरवावी ह्याच्या खुणा वर कोरल्या, सुई बरोबर दिली, आणि ऐकणारा कोण, त्यास कान आहेत कीं नाहींत, ह्याची चौकशी न करितां ती रवाना केली. त्या ऐकणाऱ्याची गांठ पडो वा न पडो. तोंवर आपल्या घरांत, आळींत आणि गांवांत जीं मनें आपल्या भाषेंत बोलत नाहींत, त्यांच्यापुढें पत्ते मांडावयास मुहूर्त पाहण्याचें कारण नाहीं.